फिल्टर बदलला की तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ का होतं?

माशांच्या टाकीतल्या फिल्टरचं नवं कार्ट्रिज, म्हणजे स्पंज, कापूस आणि कार्बन एकत्र शिवलेली चौकट, बसवलं की पहिला दिवस छान जातो. पाणी नितळ, मासे खुशीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीची मागची काच अंधुक दिसायला लागते आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात कुणी दूध कालवल्यासारखं वाटतं. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करू लागतात. आठ-दहा दिवसांत सगळं आपोआप निवळतं. मग पाकिटावर लिहिलेली पुढच्या बदलाची तारीख येते, आपण इमानेइतबारे कार्ट्रिज बदलतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्या शंभर लिटरच्या टाकीत हे सलग पाच वेळा झालं. सुरुवातीला मला वाटलं खाणं जास्त पडतंय. ते कमी केलं. मग वाटलं दिवा जास्त वेळ चालू राहतो. तोही कमी केला. शेवटी वहीत प्रत्येक गोष्टीची तारीख लिहायला लागलो: पाणी कधी बदललं, खडे कधी साफ केले, फिल्टर कधी उघडला. पाचव्या वेळी त्या तारखा एकाखाली एक मांडल्या तेव्हा दिसलं की गढूळपणा दर वेळी कार्ट्रिज बदलल्यानंतर दोन ते तीन दिवसांनीच आला होता. तोवर दोन कोरिडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) गेले होते, आणि ते वाचवता आले असते याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नव्या कार्ट्रिजमध्ये काहीही खोट नव्हती. जुनं फेकून देणं ही चूक होती.

जुन्या स्पंजात काय राहतं

महिनाभर चाललेला स्पंज हातात घेऊन बघा. तपकिरी, बुळबुळीत, किळसवाणा दिसतो. पण नाकाशी नेला तर पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो. तो बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वस्ती आहे आणि टाकीतलं पाणी खऱ्या अर्थाने तीच शुद्ध करते. (सडलेल्या अंड्यासारखा वास आला तर मात्र आत ऑक्सिजन पोहोचत नाहीये, त्याकडे पुढे वळतो.)

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सहन होतं आणि पाणी बदलताना निघून जातं. जिवाणूंचं हे काम विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत बरीच वर्षं नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर असं छापलं जायचं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्यावर तिथे हे काम नायट्रोस्पायरा करतो असं दिसलं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा अख्खा प्रवास एकटाच करणारे नायट्रोस्पायरा सापडले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि त्यांची वाढ फार हळू होते. अनुकूल परिस्थितीतही दुप्पट व्हायला त्यांना कित्येक तास ते एखादा दिवस लागतो. नव्या टाकीत पुरेशी वस्ती जमायला साधारण तीन ते सहा आठवडे जातात. म्हणजे दर चार आठवड्यांनी कार्ट्रिज फेकणारा माणूस वस्ती उभी राहत आली की ती कचऱ्यात टाकतो. मी तेच करत होतो.

दुधाळपणा मात्र या जिवाणूंचा नसतो. तो वेगळ्या जातींचा. त्या पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय घाणीवर जगतात आणि तासाभरातही दुप्पट होऊ शकतात. जुन्या स्पंजावरचा थर एरवी ही घाण आधीच खाऊन टाकत असतो. तो गेला की खाणं मोकळं सुटतं आणि पाण्यातल्या जातींना रान मोकळं मिळतं. त्या भराभर वाढतात, ऑक्सिजन ओढून घेतात, म्हणून मासे वर येतात. त्याच वेळी अमोनियाही चढत असतो. माशांवर दोन्हीकडून मार बसतो.

आधी खात्री करून घ्या

गढूळपणा म्हटला की सगळा एकच नव्हे. पाणी पांढऱ्या कपात घेऊन उजेडात बघा आणि तो कधी आला ते आठवा.

फिल्टर चालू केल्या केल्या पाणी काळपट-करडं झालं असेल तर ती फिल्टरमधल्या कार्बनची, म्हणजे कोळशाची, भुकटी आहे. कार्बन धुवून न घातल्यामुळे येते आणि एक-दोन दिवसांत स्पंजात अडकते. खडे ढवळल्यानंतर आलेला गढूळपणा काही तासांत खाली बसतो. पाणी हिरवं असेल तर ते शेवाळ आहे आणि जगातला कोणताही स्पंज त्यावर उपाय नाही. उजेड कमी करावा लागतो किंवा यूव्ही दिवा लावावा लागतो. पिवळसर, कोऱ्या चहासारखा रंग टाकीतल्या लाकडातून उतरतो. तो माशांना बाधत नाही, नको असेल तर कार्बनने जातो. दोन-चार दिवसांनी आलेला, पांढरा, कपात ठेवून तासभर वाट पाहिली तरी खाली न बसणारा गढूळपणा आपला.

पक्कं उत्तर टेस्ट किट देतं. कार्ट्रिज बदलल्याच्या दिवशी, मग तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. जिवाणूंची वस्ती पुरती जमलेल्या टाकीत दोन्ही शून्य यायला हवेत. थेंबांचं किट घ्या. बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. पीएचही बघा, कारण त्यावर अमोनियाचा विषारीपणा ठरतो. पाणी २५ अंश सेल्सियस असताना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. किटवर दोन टाक्यांचा रंग सारखा आला तरी एकीतले मासे तग धरतात आणि दुसरीतले मरतात, ते यामुळे.

आज रात्री मासे वर येत असतील तर

जुनं कार्ट्रिज अजून ओलं असेल, कचऱ्याच्या डब्यात का असेना, तर ते टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकंच खळबळून परत फिल्टरमध्ये ठेवा. नव्याच्या शेजारी जागा नसेल तर पाणी जिथून पडतं तिथे अडकवा. यासारखा दुसरा तातडीचा उपाय नाही. पूर्ण सुकलं असेल किंवा साबण-ब्लीच लागलं असेल तर उपयोग नाही.

एअर पंप लावा. दोन दिवस खाणं बंद ठेवा. मोठ्या माशांना काही होत नाही. पाव ते तिसरा हिस्सा पाणी त्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदला आणि अमोनिया दिसतोय तोवर रोज बदला. नुसतं भरून ठेवलेलं पाणी पुरेसं आहे असं गृहीत धरू नका. पाणीपुरवठ्यात क्लोरीन असेल तर ते दिवसभरात उडून जातं, पण क्लोरामाइन असेल तर उडत नाही, त्याला औषध घालावंच लागतं. आणि फिल्टर पुन्हा साफ करू नका. गढूळ पाणी बघून हात शिवशिवतात हे मला माहीत आहे, पण उरलेसुरले जिवाणूही मग जातात.

अमोनिया शोषून घेणारा झिओलाइट नावाचा खनिज दगड या वेळी कामाला येतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. तो अमोनिया खेचून घेतो म्हणजे नव्या वस्तीच्या तोंडचा घासही काढून घेतो, तेव्हा धोका टळला की काढायचा. दुसरं, मिठाच्या पाण्यात झिओलाइट साठवलेला अमोनिया परत सोडतो. नायट्राइट चढलं की लोक मीठ घालायला सांगतात. त्यात तथ्य आहे, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण आधी झिओलाइट बाहेर काढा, आणि टाकीत कोरिडोराससारखे खवले नसलेले मासे किंवा नाजूक वनस्पती असतील तर मिठाचा हात अगदी आखडता ठेवा.

बदलायचं काय आणि ठेवायचं काय

फिल्टरमधला प्रत्येक भाग तीनपैकी एखादं काम करतो: कचरा अडवणं, जिवाणूंना जागा देणं, किंवा पाण्यातलं काहीतरी शोषून घेणं. तिन्हींचं आयुष्य अगदी वेगळं आहे. शोषून घेणारा कार्बन काही आठवड्यांत भरतो. कचरा अडवणारा कापूस दोन आठवड्यांतही तुंबू शकतो. जिवाणूंची जागा मात्र वर्षानुवर्षं टिकते. तयार कार्ट्रिजमध्ये ही तिन्ही एकाच चौकटीत शिवलेली असतात, आणि त्यातला सगळ्यांत आधी संपणारा कार्बन बाकीच्या दोघांना घेऊन कचऱ्यात जातो. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. म्हणून बदली भाग घेताना शक्य तिथे ही तीन कामं वेगळी करा.

सुरुवात स्पंजपासून. स्पंज घेताना छिद्रांचा आकार विचारा. तो पीपीआयमध्ये सांगतात, म्हणजे एका इंचात किती छिद्रं. १० पीपीआय फारच मोकळा, तो फक्त पाणी आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर कचरा आणि पिल्लं अडवायला. २० आणि ३० हे रोजच्या कामाचे. ४५ चा बारीक स्पंज पाणी छान चमकवतो पण लवकर तुंबतो, तो एकटाच लावू नका. माझ्याकडे हँग-ऑन, म्हणजे टाकीच्या काठावर टांगायचा, फिल्टर आहे, त्यात मी ३० चा ठेवतो. स्पंजचा मोठा तुकडा आणून खाचेपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त ठेवून कापायचा, म्हणजे तो दाबून घट्ट बसतो. भांडी घासायचा स्पंज चालणार नाही. त्यात जिवाणूनाशक असू शकतं आणि आपल्याला तर जिवाणूच वाढवायचे आहेत. पिळल्यावर स्पंज परत फुगतो तोवर त्याला बदलायचं काही कारण नाही. चपटा राहायला लागला, कडा भुगा होऊन सुटायला लागल्या, तेव्हाच बदलायचा.

फिल्टरचा पांढरा कापूस, ज्याला फ्लॉस म्हणतात, तो बिनधास्त फेकायचा. फेकण्यासाठीच असतो. साधा पॉलिस्टरचा कापूस चालतो, फक्त त्यावर आग-प्रतिबंधक रसायन किंवा रंग नको. तो स्पंजाच्या पुढे नाही, मागे ठेवा. मोठा कचरा स्पंजाने आधीच अडवलेला असला की कापूस दुप्पट टिकतो.

कार्बनबद्दल माझं मत ठाम आहे: रोजच्या वापरात तो लागत नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांतलं काहीच तो काढत नाही. रंग, वास आणि औषधं काढतो. म्हणून औषधाचा कोर्स संपल्यावर उरलेलं औषध काढायला किंवा पिवळेपणा घालवायला तो जाळीच्या पिशवीत भरून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून ठेवा आणि दोन ते चार आठवड्यांनी काढून टाका. औषध चालू असताना तो फिल्टरमध्ये राहिला तर औषध माशांपर्यंत पोहोचायच्या आधीच त्यात जातं. एखादं औषध लागू पडलं नाही अशी तक्रार कानावर आली की मी आधी कार्बन काढला होता का ते विचारतो.

जिवाणूंना जागा देणाऱ्या सिरॅमिक (भाजलेल्या मातीच्या) रिंगा कधीच फेकू नका. नव्या घेताना एका कोरड्या रिंगेवर पाण्याचा थेंब टाकून बघा. चटकन शोषला गेला तर आत सच्छिद्र आहे. वरच्यावर ओघळला तर जिवाणूंना फक्त बाहेरची बाजू मिळणार. रिंगांवर गाळ बसला की छिद्रं बुजतात, त्यामुळे त्यांची जागा नेहमी स्पंजाच्या नंतर. फुटून बारीक झाल्या तर निम्म्या आज, निम्म्या सहा आठवड्यांनी बदला.

आता मापाबद्दल, कारण इथे पुष्कळ जण फसतात. दिसायला सारखी कार्ट्रिजं एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. फिल्टरच्या मोटरवर मॉडेल क्रमांक छापलेला असतो, तो बघूनच घ्या. कडेला दोन मिलिमीटर फट राहिली तरी पाणी सोपी वाट धरतं आणि स्पंजातून जातच नाही. ओळखायची खूण सांगतो. दोन आठवड्यांनी कार्ट्रिज बाहेर काढा. मधला भाग जवळजवळ पांढरा आणि चौकटीच्या कडेला, खाचेच्या भिंतीवर तपकिरी पट्टे दिसले तर पाणी बाजूने पळतंय. अशा वेळी नवं कार्ट्रिज घेऊन काही होत नाही. खाच भरून काढेल असा कापलेला स्पंज बसवा.

कार्ट्रिजवरून स्पंजवर येताना

हा बदल एका दिवसात करायचा नाही. नवा स्पंज चालू कार्ट्रिजच्या मागे किंवा शेजारी ठेवा आणि चार ते सहा आठवडे दोन्ही चालू द्या. कार्ट्रिज तुंबलं तर फेकू नका, टाकीच्या पाण्यात खळबळून परत लावा. कार्बन भरला असेल तर चौकटीला वरून चीर देऊन तेवढा ओतून टाका. नंतर कार्ट्रिज काढा आणि आठवडाभर खाणं निम्म्यावर ठेवून एक दिवसाआड अमोनिया मोजा. माझ्या टाकीत त्या आठवड्यात एकदाही रंग बदलला नाही, पाणीही दुधाळ झालं नाही.

जागा असेल तर एका मोठ्या स्पंजाऐवजी दोन लहान ठेवा. धुवायची वेळ आली की एका वेळी एकच, आणि दुसऱ्याला हात लावायला तीन-चार आठवडे जाऊ द्या.

धुवायचं कसं? बादलीत टाकीतलंच पाणी घ्या, स्पंज दोन-तीन वेळा दाबून सोडा. पाणी चहासारखं झालं की पुरे. पांढराशुभ्र करायचा नाही. नळाखाली तर अजिबात धरायचा नाही, क्लोरीन याच कामासाठी पाण्यात घातलेलं असतं. आणि खडे उपसून साफ करायचा दिवस फिल्टरच्या दिवशी येऊ देऊ नका, कारण जिवाणूंची दुसरी मोठी वस्ती त्या खड्यांवर असते.

कधी धुवायचं हे तारखेवर ठरवू नका, प्रवाहावर ठरवा. फिल्टर स्वच्छ असताना पडणाऱ्या पाण्याखाली एक लिटरचं भांडं धरा आणि किती सेकंदांत भरतं ते लिहून ठेवा. माझं नऊ सेकंदांत भरतं, म्हणजे तासाला ४०० लिटर. टाकीचं पाणी तासातून चार वेळा फिरतं. चार ते सहा वेळा फिरणं बहुतेक घरगुती टाक्यांना पुरतं. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, तेवढा प्रत्यक्षात मिळत नाही. भांडं भरायला पंधरा सेकंद लागायला लागले की मी स्पंज धुतो. धुवूनही वेग आला नाही तर नवा स्पंज आणायच्या आधी इम्पेलर (मोटरने फिरणारं छोटं पातं) काढून बघा. त्याच्या दांड्याभोवती बुळबुळीत थर, एखादा केस किंवा गोगलगाईचा शंख अडकलेला असतो. लहान ब्रशने साफ केलं की प्रवाह परत येतो. कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर पाईप आतून घासा आणि झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा.

सगळं नीट करूनही अमोनिया दिसत असेल तर

वीज जाऊन फिल्टर काही तास बंद होता का, ते आठवा. बंद कॅनिस्टरमध्ये जिवाणू आतला ऑक्सिजन संपवतात आणि मरायला लागतात. मघाशी सांगितलेला सडक्या अंड्याचा वास इथे येतो. वीज आली की फिल्टर तसाच चालू करू नका. आतलं पाणी ओतून द्या, स्पंज आणि रिंगा टाकीच्या पाण्यात खळबळा, मग चालू करा. वीज लवकर येणार नसेल तर स्पंज काढून सरळ टाकीत, बॅटरीवरच्या एअर पंपाच्या बुडबुड्यांजवळ ठेवा.

वीज गेली नव्हती आणि स्पंजालाही दोन महिने हात लावलेला नाही, तरी अमोनिया येतोय, तर पीएच आणि केएच (पाण्यातल्या क्षाराचं प्रमाण) मोजा. अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातला क्षार वापरतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे सात ग्रॅम. क्षार संपला की पीएच घसरतो, आणि तो ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. पाणी बदलण्यात आळस झालेल्या, माशांनी भरलेल्या जुन्या टाक्यांत हे हमखास होतं. तिथे नवा फिल्टर कितीही चांगला आणला तरी फरक पडत नाही. पाणी बदला, पण एकदम नाही. पीएच घसरलेला असताना अमोनिया बराचसा बिनविषारी रूपात असतो आणि मोठा बदल करून पीएच वर नेला की तोच विषारी होतो. दहा-पंधरा टक्के, एक दिवसाआड, प्रत्येक वेळी अमोनिया आणि पीएच मोजून.